दुर्बिणीपासून दूर बसून वेध घेणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

दुर्बीण दुसऱ्या खंडात आणि आपण घरच्या संगणकापुढे, अशा स्थितीत खगोलशास्त्रज्ञ म्हणून घडता येईल का, असे तू विचारले आहेस. घडता येईल, मात्र महासाथीने या व्यवसायात काय बदलले, हे आधी समजून घे.

मार्च २०२० मध्ये मोठमोठ्या वेधशाळा एकामागून एक बंद झाल्या. चिलीतील सुमारे ५,००० मीटर उंचीच्या पठारावरील अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या ६६ अँटेना थांबल्या, आणि अतिशीत तापमानात चालणारी उपकरणे पूर्ववत करून वैज्ञानिक निरीक्षणे पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. कृष्णविवराचे चित्र देणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपची त्या वर्षीची मोहीमच रद्द झाली; ती थोडी पुढे ढकलणेही शक्य नव्हते, कारण जगभर विखुरलेल्या तिच्या सर्व दुर्बिणींवर एकाच वेळी आकाश अनुकूल असण्याची आशा वर्षातील मोजक्या दिवसांतच असते. ३० एप्रिलपर्यंत ठरलेले लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांचे निरीक्षणसत्र २७ मार्चलाच आटोपले.

याच काळात हवाईतील केक दुर्बिणींवरील निरीक्षणे घरून करण्याची सोय झाली आणि परिषदा ऑनलाइन भरू लागल्या. प्रवासखर्च किंवा व्हिसा यांमुळे ज्यांना आजवर तिथे पोहोचता येत नव्हते, त्यांना दार उघडले. माझ्या मते हा मोठाच लाभ आहे. तरीही घरून काम करणे सर्वांना सारखे सोपे गेले नाही. लहान मुले सांभाळणाऱ्या, मुदतीच्या नेमणुकीवरील संशोधकांची त्यात फार ओढाताण झाली, याचा विसर पडू देऊ नकोस.

हरवली ती नियंत्रणकक्षातील सोबत. आर्द्रता वाढू लागली की घुमट केव्हा मिटायचा, ताऱ्याची प्रतिमा पसरू लागली तर पुढचा वेध कोणता घ्यायचा, हे दुर्बीणचालकाच्या शेजारी बसून आपोआप कळत असे. आता ते तुला मुद्दाम मिळवावे लागेल. म्हणून विदा (डेटा) उतरवून घेतलीस की आधी त्या रात्रीची नोंदवही वाच. ताऱ्याची दीप्ती दहा मिनिटे घटलेली दिसली आणि नेमक्या त्याच वेळी विरळ ढगांची नोंद असली, तर ग्रहाच्या अधिक्रमणाची, म्हणजे ताऱ्यासमोरून ग्रह गेल्याची, स्वप्ने पाहण्याआधी त्याच चौकटीतील शेजारचे तारेही मंदावले होते का, ते तपास. शंका उरलीच तर वेधशाळेच्या तंत्रज्ञांना निःसंकोच लिही. आणि प्रत्यक्ष जाण्याची संधी मिळालीच, तर रात्रीपुरती थांबू नकोस. दिवसा देखभाल करणाऱ्यांबरोबरही काही तास काढ.

तुझा हितचिंतक