हरवलेली वस्तू शोधायला ब्लूटूथ टॅग आपल्याकडे उपयोगी पडतो का?

तुम्ही विचारलंय, निपाणी-बेळगाव रोज ये-जा असते, बॅग आणि किल्ल्या दोनदा हरवल्या, तर टॅग घ्यावा का, आणि तो खानापूरकडच्या गावांत चालेल का. जरूर घ्या. पण तो काम कसा करतो ते आधी समजून घ्या, नाहीतर ऐनवेळी हिरमोड होतो.

या टॅगमध्ये सिम नसतं, जीपीएसही नसतं. तो नुसता ब्लूटूथवर आपली खूण सांगत राहतो. जवळून जाणाऱ्या, टॅगच्याच नेटवर्कमधल्या कुणाच्याही फोनला ती ऐकू आली, की तो फोन आपलं ठिकाण इंटरनेटवरून कळवतो. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो, आणि ठिकाण फक्त तुम्हालाच दिसतं. म्हणजे सगळी भिस्त आजूबाजूच्या फोनांवर.

गेल्या पावसाळ्यात आई खानापूरच्या बसमधून पिरनवाडीला उतरली आणि शेताच्या उताऱ्यांची पिशवी सीटखाली राहिली. तिचा फोन आला तेव्हा मी टिळकवाडीत होतो. पिशवीत टॅग होता. ॲपमध्ये त्याचा ठिपका आधी मच्छेला, मग गणेबैलच्या टोलनाक्यापाशी. गाडी काढली. स्टँडवर पोचलो तर तीन बस ओळीनं उभ्या. आवाजाचं बटण दाबत एकेका बसपाशी गेलो. तिसरीतून बारीक टीं-टीं ऐकू आलं. कंडक्टरमामांनीच वाकून पिशवी काढून दिली. कागदांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, पण एकही गहाळ नव्हता. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली.

याच टॅगचा जोडीदार कणकुंबीच्या मामांनी म्हशीच्या गळ्यात बांधला होता. म्हैस रानात गेली, ठिपका मात्र गोठ्यावरच थांबला. रानात फोन कुठले? शेवटी ती घंटेच्या आवाजावरच सापडली.

अँड्रॉइड असेल तर एक सेटिंग नक्की बदला. गूगलचं नेटवर्क मुळात फक्त गर्दीच्या जागी ठिकाण दाखवतं, म्हणजे अनेक फोनांनी टॅग पाहिला तरच. ते बदलून 'सगळीकडे' करा. खेड्यात एखादाच फोन जवळून जातो.

घेताना फोन बघून घ्या. ॲपलच्या एअरटॅगला आयफोनच लागतो, सॅमसंगच्या टॅगला गॅलॅक्सी फोन. बहुतेकांत सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. एअरटॅगमध्ये तो साधारण वर्षभर जातो आणि घड्याळाच्या दुकानात मिळतो. वस्तू चोरीला गेली असं वाटलं, तर ठिपक्याच्या मागे एकटे जाऊ नका, फोन घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा.