रहीम साहेबांचं काय उचलायचं

प्रिय बाळा,

तुझा मेसेज परवाच वाचला होता, पण अंगठ्याने एवढं टाइप करायचं म्हणजे मला दोन दिवस लागतात. फुटबॉल कोचिंगचा पहिला कोर्स पास झालास, बरं वाटलं. पण पुढं विचारलंयस की आता युरोपातल्या मोठ्या कोचेसपैकी पेपच्या मॅचेस बघू की क्लॉपच्या, आणि त्याच्याच खाली, "आपल्या इंडियाच्या टीमकडून शिकण्यासारखं आहेच काय सर". त्यावर मी जरा चिडलो, खोटं कशाला बोलू. पेप बघ की, कोण नको म्हणतंय, पण पेपकडे जे ग्राउंड आहे ते तुझ्याकडे नाही, तुझ्याकडे अर्धं मुरुमाचं आणि अर्धं चिखलाचं आहे, आणि बावीस पोरांत चार बॉल. अशा हालतीत टीम कशी बांधायची हे बघायचं असेल तर 1950 ते 1962 ची आपली नॅशनल टीम आणि तिचे कोच रहीम साहेब बघ.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. 1950 चा ब्राझीलचा वर्ल्ड कप आपण बूट नव्हते म्हणून हुकवला, ही कथा. मी स्वतः दहा वर्षं ही कथा पोरांना रंगवून सांगितली आहे, पावसात मॅच थांबली की हमखास, आणि पोरं पण डोळे मोठे करून ऐकायची. नंतर कळलं की तसं नव्हतं रे. बर्मा, फिलिपिन्स, इंडोनेशिया यांनी माघार घेतली म्हणून आपण न खेळताच क्वालिफाय झालो होतो, ब्राझीलवाले प्रवासाचा बराचसा खर्च पण उचलायला तयार होते, पण आपल्या फुटबॉल फेडरेशनला ऑलिम्पिक मोठं वाटायचं आणि वर्ल्ड कप म्हणजे काय हे नीट कळलंच नव्हतं. कारण काय दिलं तर टीम सिलेक्शनचे वाद आणि प्रॅक्टिसला वेळ नाही. बूट नसणं हा खरा अडथळा असता तर दोन वर्षांनी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला आपले बरेच जण अनवाणी कसे उतरले असते? ही साधी शंका मला दहा वर्षांत आली नाही, याची अजून लाज वाटते.

अनवाणी खेळायचे ते मात्र खरं. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला फ्रान्सशी 2-1 हरलो, दोन पेनल्टी वाया घालवून, कॅप्टन नागालँडचा तालिमेरेन आओ, शिकून डॉक्टर होणारा माणूस. हरलो तरी लोक खूश, आपण पण खूश. मग 1951 ला दिल्लीत पहिल्या एशियन गेम्सचं गोल्ड, फायनलला इराणवर 1-0, मेवालालचा गोल. आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीत थंडीत युगोस्लाव्हियाने 10-1 धुतलं. दहा! इथं एखादा कोच गप्प घरी बसला असता. आपला कोच होता हैदराबादचा सय्यद अब्दुल रहीम, मूळचा शाळामास्तर. त्या पराभवानंतर फेडरेशनने बूट कम्पल्सरी केले आणि रहीम साहेबांनी खेळ बदलायला घेतला.

आता हे नीट वाच, कारण तुझ्या कामाचं हेच आहे. हैदराबादेत त्यांनी पोरांसाठी अशा टूर्नामेंट घेतल्या की ज्यात फक्त कच्च्या, म्हणजे सवय नसलेल्या पायाने खेळायचं, आणि दुसऱ्या अशा की ड्रिबलिंगच बंद, पास द्यायचाच. याला खर्च काय? शून्य. मी हे वाचल्यावर आमच्या पोरांवर करून बघितलं, उजव्या पायाला रुमाल बांधायचा आणि त्या पायाला बॉल लागला की समोरच्यांना फ्री किक. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ, एकजण तर बॉल सोडून स्वतःच्याच पायात अडकून पडला, आणि पेठेतले जुने खेळाडू कट्ट्यावर बसून हसत होते की मास्तरला काय झालंय. तिसऱ्या आठवड्यात तोच पोरगा डावीकडून क्रॉस टाकायला लागला.

मग 1956, मेलबर्न ऑलिम्पिक. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात 4-2, आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू तो. सेमीला परत युगोस्लाव्हिया, पहिला गोल आपला, तो पण नेव्हिलचाच, मग 4-1 हरलो, पण चार वर्षांपूर्वीचा 10-1 आठव. शेवटी चौथा नंबर. मुंबईच्या कूपरेज ग्राउंडवर आज किती पोरांना नेव्हिल माहिती असेल, जाऊ दे.

आणि 1962, जकार्ताचे एशियन गेम्स. ग्रुपमध्ये साउथ कोरियाशी 2-0 हरलो होतो. डिफेन्सचा खांब जर्नेल सिंग, थायलंडच्या मॅचला डोकं फुटलं, सहा टाके. तू काय केलं असतंस? बसवलं असतंस बाहेर, मी पण तेच केलं असतं. रहीम साहेबांनी त्याला सेमीला सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढे गोल मारणारा म्हणून उतरवलं, फायनलला पण, आणि त्याने दोन्ही मॅचमध्ये गोल केले. फायनलला परत तीच कोरिया, जवळजवळ एक लाख पब्लिक आपल्या विरोधात बोंबलतंय, कारण गेम्समधून इस्राएल आणि तैवानला बाहेर ठेवल्यावर आपल्या एका अधिकाऱ्याने आवाज उठवला होता आणि त्याचा राग टीमवर निघत होता. आपल्या बाजूने ओरडत कोण होतं माहितीये? पाकिस्तानची हॉकी टीम. पीके बॅनर्जी एक, जर्नेल एक, 2-1, गोल्ड. रहीम साहेबांना तेव्हा कॅन्सर होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये गेले.

त्यानंतरचं तुला माहितीच आहे, 1964 ला एशिया कपचे रनरअप, 1970 ला बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ, मग नुसती उतरण, 2015 मध्ये जगात रँकिंग 173. लोक म्हणतात टॅलेंट संपलं. मला नाही पटत. रहीम साहेबांच्या डोक्यात जे होतं ते कुणी गल्लोगल्लीच्या कोचपर्यंत पोचवलंच नाही, आणि आपल्याकडच्या मॅचेस तेव्हा 70 मिनिटांच्या असायच्या, बाहेर 90 मिनिटं पळायचं म्हटल्यावर पायात दम कुठून येणार. सुनील छेत्रीसारखा एखादा कॅप्टन येतो नि एकटा टीम ओढतो, 2018 ला अंधेरीत चायनीज तैपेईच्या मॅचला अडीचेक हजार माणसं होती म्हणून त्याने व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले आणि पुढची मॅच भर पावसात फुल्ल. त्या पावसात मी पण होतो, छत्री घरी विसरून.

तर पेपचे व्हिडिओ रात्री बघ. सकाळी रुमाल घेऊन ग्राउंडवर ये. आणि तुझा तो स्टॉपर, मधला डिफेंडर, ज्याला तू हळू म्हणून बसवतोयस, त्याला रविवारी अर्धा तास पुढे खेळवून बघू, मी साडेसहाला येतो. येताना पंप आण, दोन बॉल बसलेत.

तुझा,
सर