गावावरच्या फिल्मसाठी व्हिडिओ शूट करावा की फोटोंचा मॉन्टाज?

फोटो. दहा मिनिटांची फिल्म, पैसा बेताचा, बघणारे सगळे गावचेच, असं तुम्हीच प्रश्नात लिहिलंय. मग अडलंय कुठं? ड्रोनवाला परभणीहून आणा नाहीतर लातूरहून, तो गावाभोवती एक गिरकी घेणार, देवळाच्या कळसावरून वर चढणार आणि शेवटी सूर्यास्त दाखवणार. तीन मिनिटं जातात, गावातलं माणूस एकही दिसत नाही.

जरा तावातावानं लिहितोय, कारण आमच्या घरात हे भांडण अजून चालू आहे. आमचं गाव किल्लारी पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते, तेव्हा भूकंपात खाली बसलेल्या गावांपैकी एक. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली मिळून 52 गावं नव्या जागी वसवली, त्यात आम्हीही हललो. नव्या गावात सरळ रस्ते आणि एकासारखी एक घरं. जुन्या गावाची वेस, गढी, पार, माळवदाची घरं, सगळं गेलं. यात्रेला मंडपात पडदा लावून गावाची फिल्म दाखवायची असं ठरलं, तेव्हा थोरल्या दाजींनी आल्या आल्या जाहीर केलं, व्हिडिओच करायचा, आता फोटो कोण बघतंय. वर्गणीतून ड्रोन आला.

मी गप्प बसलो नाही. आपल्या परीनं फोटो गोळा करायला लागलो. घरोघरचे अल्बम ढिगाऱ्यात गेले होते, पण लग्नाचे फोटो सोयऱ्यांकडेही असतातच की. गावच्या लेकी जिथं जिथं दिल्या होत्या, उमरगा, निलंगा, सोलापूर, तिथून मागवले. कुणी ट्रंकेच्या तळातून काढले, कुणी देव्हाऱ्यामागच्या फ्रेममधून. एका आत्याबाईंनी तर फोटो टपालानं पाठवायला साफ नकार दिला, ‘इथं येऊन बघ’ म्हणाल्या, आणि जेवल्याशिवाय अल्बमला हात लावू दिला नाही.

मंडपात आधी ड्रोन झाला. लोक ‘हे कुणाचं घर?’ ‘शाळा कुठाय यात?’ करत राहिले, मग चहाला उठले. नंतर माझे फोटो लागले आणि उठलेले परत बसले. नवरा-नवरीकडे कुणी बघेना. सगळ्यांचे डोळे मागच्या भिंतीवर. ‘ही गढीची भिंत नव्हं का?’ ‘ते बघ, आपल्या ढेळजेचं दार.’ वरातीच्या एका फोटोत कोपऱ्यात अर्धवट वेस आली होती, तर म्हाताऱ्यांनी तो फोटो थांबवायला लावला आणि वेशीपासून कुणाचं घर कितवं यावर तिथंच जुंपली. दाजी मागून ओरडले, ‘कुणाची श्रद्धांजली दाखवलालास रे?’ ते हे वाक्य अजून प्रत्येक लग्नात ऐकवतात.

दाजींचा टोमणा बासरीला लागू आहे, फोटोला नाही. फोटोवर हळूहळू झूम आणि खाली दुःखी बासरी टाकली की जिवंत माणसाचीसुद्धा श्रद्धांजली होते. म्हणून संगीत टाकूच नका. फोटो समोर ठेवून म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा आणि तोच आवाज फोटोंखाली वापरा. पंखा बंद करा, फोन तोंडाजवळ धरा, मध्ये मध्ये ‘हो हो’ करू नका. मी लावलेल्या आवाजांत एका आजींचं जात्यावरचं गाणं होतं, तेवढं चालू असताना मात्र दाजीही गप्प होते.

बाकी कामाचं. पोस्टकार्ड आकाराचा फोटो 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके धरून, स्कॅन केला तर 1800 बाय 1200 पिक्सेल निघतात. फुल एचडीच्या पडद्याला रुंदीतच 1920 लागतात. 600 ला करा, म्हणजे एखाद्या चेहऱ्याजवळ जायला जागा राहते. स्कॅनर नसेल तर सावलीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोनवर फोटो घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो, पानासकटच घ्या. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो चिरडून येतो. एका फोटोला पाच सेकंद धरले तर दहा मिनिटांना 120 फोटो लागतात, पण घोळक्याच्या फोटोला दहा सेकंद द्या, लोक आपला माणूस शोधत असतात. आणि उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना तोच फोटो धूसर करून लावायची जी फॅशन आलीय ती कृपा करून करू नका. काळी पट्टी परवडली.

आता, तुमचं गाव गंगाखेडजवळ गोदाकाठी आहे हे तुम्ही लिहिलंय, आणि ते जागेवर उभं आहे. तेव्हा आमचं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही. नदीला पाणी असेल तर तिचा व्हिडिओ घ्याच. फोटोत वाहतं पाणी आणि डबकं सारखंच दिसू शकतं. नळदुर्गच्या पाणीमहालावरून पावसाळ्यात नर-मादी धबधबे पडतात, तेही मी व्हिडिओतच घेईन. हलगी, भजन, बैलबाजार, हेही हलतं-बोलतंच शोभतं. पण मे महिन्यातलं कोरडं पात्र आणि श्रावणातली भरलेली नदी एकामागोमाग दाखवायची तर व्हिडिओवाल्याला दोनदा बोलवावं लागेल. फोटो गावात कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये दोन्हीचे सापडतील, फुकट.

तरीही ड्रोनच हवा असेल, तर अॅडव्हान्स देण्याआधी त्या माणसानं केलेल्या आणखी दोन गावांच्या फिल्म मागवून घ्या. आवाज बंद करून, नाव झाकून बघा, कुठलं गाव कुठलं ते सांगता येतंय का. दाजींना मी हेच करायला सांगितलंय. ते म्हणतात, वेळ नाही.