शोकसभेत ज्यांना रडू आले नाही

ठाण्यात राम मारुती रस्त्यालगतच्या माझ्या छोट्या खोलीत गेली 20-22 वर्षे मी माणसांचे ऐकत बसते. तिथे पुन्हा पुन्हा येणारा एक प्रश्न नेहमी हळू आवाजात आणि बहुधा निघण्याची वेळ झाल्यावर विचारला जातो : "मॅडम, वडील गेले तेव्हा मला रडूच आले नाही, माझ्यात काही कमी आहे का?" गेलेला माणूस चारचौघांत मान असलेला असेल, तर हा प्रश्न अधिक टोचतो. परके हुंदके देत असतात आणि घरचा माणूस चहाचे कप मोजत असतो. गेल्या वर्षभरात हेच मी इतक्यांदा ऐकले, की त्यांतल्या एका गृहस्थांची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, इथे सांगावीशी वाटते. त्यांना मी 'चिरंजीव' म्हणेन, कारण शोकसभेत त्यांची ओळख 'साहेबांचे चिरंजीव' अशीच करून देण्यात आली होती, आणि 43व्या वर्षीही आपली तेवढीच ओळख आहे, हे त्यांना सलत होते.

वडील मंत्रालयात सहायक म्हणून लागले आणि 2011 मध्ये, वयाच्या 58व्या वर्षी, अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. संध्याकाळी लोकलने ठाण्याला उतरायचे, जांभळी नाक्यावर भाजी घ्यायची आणि थेट घरी यायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. रविवारी सकाळी 9 ते 12 मात्र नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले जमत. शहापूर-मुरबाडकडची मुले पहाटेच निघून येत. त्यांतली काही महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेतही शिकत असत आणि तिथे जे विचारायला संकोच वाटे, ते इथे विचारत. साहेबांनी कधी एक रुपया घेतला नाही. कुणी निकालाचे पेढे आणले, तरी सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या 1979 च्या वर्तणूक नियमांचा गमतीने हवाला देऊन ते अख्ख्या मजल्यावर वाटून टाकत. ते गेले तेव्हा 71 वर्षांचे होते.

चिरंजीव माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. ऐरोलीतल्या एका कंपनीत ते काम करतात. तिसऱ्या भेटीत त्यांनी शोकसभेचा विषय काढला. एक तहसीलदार बोलता बोलता थांबले, एका फौजदारांना तर पुढे बोलताच आले नाही आणि शेवटी ऋणनिर्देशासाठी चिरंजीवांना उभे केले गेले. त्यांनी सभागृहाच्या व्यवस्थापकांपासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत सर्वांचे नीट आभार मानले. खाली उतरताना त्यांच्या आत्याचे शब्द कानांवर पडले : "पोरगा दगड आहे."

"बोलत होतात तेव्हा मनात काय चालले होते?" मी विचारले.

"माइकची वायर पायात येत होती, तेवढेच."

अशा वेळी माणूस काही ना काही पकडून ठेवतो. यांनी वायर पकडून ठेवली. अंत्यसंस्काराच्या दिवसापासून दहावा-तेरावा, बँकेतली नोंद, आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद हे सगळे ज्याच्या अंगावर पडते, त्याचे मन कामाला लागलेले असते. त्याने तेवढ्या दिवसांत रडूनही दाखवावे, अशी अपेक्षा नातेवाइकांनी धरू नये. अशा घरी भेटायला जाणाऱ्यांना मी नेहमी सांगते, की 'आता तूच घरचा कर्ता, तू खचू नकोस' हे वाक्य टाळा. तेरा दिवस हे वाक्य ऐकवायचे आणि चौदाव्या दिवशी त्याच मुलाला दगड म्हणायचे, हा आपला खास कौटुंबिक अन्याय आहे.

चिरंजीव शिकलेले असल्याने इंटरनेटवर वाचूनच आले होते. दुःखाच्या पाच टप्प्यांपैकी आपण पहिल्याच, म्हणजे नकाराच्या, टप्प्यावर अडकलो, असे त्यांनी ठरवून टाकले होते. हे टप्पे मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले, पण ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते नंतर वापरले जाऊ लागले आणि हल्ली तर ते लोकल गाडीच्या स्थानकांसारखे सांगितले जातात. मुलुंड लागलेच नाही म्हणजे आपली गाडी चुकली, असे ज्याला वाटते आहे, त्याला आधी त्या भीतीतून सोडवावे लागते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या वळणाची समुपदेशक आहे. माणूस दुःखापेक्षा दुःखाबद्दलच्या हट्टाने जास्त पोळतो, असे माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे. 'रडू आले असते तर बरे झाले असते' ही इच्छा आहे आणि 'रडू यायलाच हवे होते' हा स्वतःवर काढलेला हुकूम आहे. चिरंजीवांची झोप हुकमाने उडवली होती.

हे समजावत असताना मी त्यांना सहज विचारले, की मुलाखतीत उत्तर येत नसेल तर काय करावे, असे बाबा मुलांना सांगत? ते लगेच म्हणाले, "स्पष्ट सांगायचे, 'माहीत नाही, सर.' ओढूनताणून बोललात की पॅनेलला कळते."

"मग तुमचे दुःख नेमके कुठे आहे, असे मी विचारले तर?"

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "माहीत नाही, मॅडम." त्या रात्री ते सलग पाच तास झोपले. मला बरे वाटले, हे कबूल करते. पण गाठ अजून सुटायची होती.

पुढच्या भेटीत चपलांचा विषय निघाला. चिरंजीव दहावीत असताना रविवारी स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाट टाकून अभ्यास करत, कारण बाहेरची खोली भरलेली असे. पाणी प्यायला उठले की दाराशी चपलांचे जोड मोजत. एकदा 11 भरले होते. "मला त्या चपलांचा राग यायचा," ते म्हणाले आणि लगेच सारवासारव करू लागले, की बाबांनी आमचे काही कमी केले नाही, शाळेची एक सभा चुकवली नाही, आईच्या दुखण्यात रात्र रात्र जागले. मी त्यांना थांबवले. दोन्ही खरे आहे, आणि एक खरे सांगितल्याने दुसरे खोटे पडत नाही. मोठ्या माणसाच्या मुलांची अडचण अशी, की शोकसभेत त्या माणसाची जी मूर्ती उभी राहते, तिला हार घालता येतो, पण तिच्यावर रुसता येत नाही. आणि ज्याच्यावर रुसता येत नाही, त्याच्यासाठी रडणेही अवघडच जाते. म्हणून अशा घरांत मी मुद्दाम तक्रारींना जागा करून देते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा आपला संस्कार चांगला आहे, पण खरे बोलू नये असा त्याचा अर्थ घरोघरी झाला आहे.

मग मी त्यांना एक काम दिले. वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि विद्यार्थी पुन्हा एक कार्यक्रम करणार होते. "त्या 11 जोडांच्या मालकांपैकी कुणालाही माहीत नसेल, असे बाबांबद्दल एक पान लिहून आणा," मी म्हटले. "मात्र त्यात स्तुती नको."

दहा दिवसांनी त्यांनी ते पान माझ्यासमोर ठेवले. मजकूर जेमतेम पाच ओळींचा होता. मी मजकुरापेक्षा कागदाकडे पाहत राहिले. तो उभा दुमडून उलगडलेला होता, डावीकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोरा होता आणि अक्षरे घडीच्या रेषेपासून सुरू होत होती.

"इतका समास का सोडलात?"

त्यांनी कागदाकडे असे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कुणी आणून ठेवला होता. "बाबा असेच करायचे," ते म्हणाले. "मसुदा लिहायचा तर कागद दुमडून घ्यायचा. वरिष्ठांना दुरुस्ती करायला जागा हवी ना. आमच्याकडे वाण्याची यादीसुद्धा अशीच असायची."

"वाण्याच्या यादीचे वरिष्ठ कोण?"

"आई! बाबा यादी लिहून ठेवायचे आणि आई समासात दुरुस्त्या करायची. 'साबण नको, दोन वड्या आहेत.' 'तूरडाळ दीड किलोच.' मग खाली बाबा लिहायचे, 'दुरुस्तीनुसार मान्य', आणि सही, तारखेसह."

आणि ते हसू लागले. खांदे हलेपर्यंत, चष्मा काढून ठेवावा लागेपर्यंत हसले. थांबले तेव्हा एकदम म्हणाले, "मॅडम, मी ऑफिसात महत्त्वाची मेल पाठवायच्या आधी कागदावर असाच मसुदा करतो. नोकरीला लागल्यापासून. मला हे कुणी शिकवलेले नाही."

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. कागदी रुमालांचा डबा मी त्या दिवशी सुरुवातीलाच त्यांच्या हाताजवळ सरकवून ठेवला होता. म्हणजे रडण्याची सक्ती नको, असे महिनाभर शिकवणारी मीसुद्धा आत्याबाईंसारखीच त्यांच्या रडण्याची वाट पाहत होते. ते हसले आणि माझा डबा तसाच राहिला. आपल्या शिकवणीतून आपणच सुटलेलो नसतो, हे इतक्या वर्षांनी कळले, याची खंत वाटली आणि त्या समासाकडे आपली नजर गेली, याचा थोडा अभिमानही वाटला.

शोकात मन गेलेल्या माणसापासून हळूहळू सोडवून घ्यावे लागते, असे फ्रॉइड यांनी 1917 मध्ये लिहिले आणि पुष्कळ काळ तेच प्रमाण मानले गेले. 1990 च्या दशकात काही अभ्यासकांनी, विशेषतः डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उलट बाजू मांडली, की नाते तुटत नाही, ते रूप बदलून राहते. आपल्याकडे वर्षातून एकदा पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्यांना हे नवीन वाटू नये. चिरंजीव ज्या वडिलांना गमावल्याचे दुःख शोधत होते, ते वडील रोज ऐरोलीत त्यांच्या हाताखाली कागद दुमडत होते. रडू आले नाही म्हणून प्रेम नव्हते, असा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी आपल्या हातांकडे पाहावे : भाजी निवडताना, दाराची कडी दोनदा तपासताना, पैसे मोजताना तुम्ही कोणासारखे वागता? शोकसभेला आलेल्यांना साहेबांचा सल्ला मिळाला होता. सवय घरच्यांनाच मिळते.

मात्र न रडणे आणि कोलमडणे यांत फरक करावा लागतो. सहा महिने-वर्ष उलटूनही रोजचे काम हातून होत नसेल, खाणे-झोपणे पार बिघडलेले असेल, गेलेल्या माणसाशिवाय दुसरे काही सुचतच नसेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नको, असे विचार येत असतील तर महिन्यांचा हिशेब न करता त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

वर्षश्राद्धानंतरच्या कार्यक्रमात चिरंजीव बोलले. ते वाण्याच्या यादीबद्दल बोलले आणि चपलांच्या रागाबद्दलही. तहसीलदारसाहेब म्हणे पुन्हा रडले, चिरंजीव नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी भाषणाचा मसुदा मला दाखवला. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री त्यांनी तो आईंना वाचायला दिला होता. समासात पेन्सिलने, किंचित थरथरत्या अक्षरात लिहिले होते : "तूरडाळ दोन किलो. दीड मी कधीच म्हटले नव्हते. बाकी ठीक." त्याखाली चिरंजीवांच्या अक्षरात 'दुरुस्तीनुसार मान्य' असे होते, आणि सही, तारखेसह.