वाचकांचे प्रश्न : दर्शनी पॅनेलवरच्या स्विचचा भार कोणी वाहायचा?

प्रश्न : ऑल्टेअर ८८०० या जुन्या संगणकाची पूर्ण आकाराची प्रतिकृती मी बांधत आहे. सर्व टॉगल स्विच आधी सर्किट बोर्डवर सोल्डर केले आणि मग बोर्ड पॅनेलमागे बसवला. आता काही दांड्या तिरक्या दिसतात आणि ‘डिपॉझिट’चा स्विच दाबला की बोर्डच आत दबतो. स्विच हलक्या प्रतीचे असतील का? ते बदलावेत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : स्विच बदलण्याचे कारण दिसत नाही. आपण केलेल्या रचनेत बोटाचा जोर सोल्डरवर येत आहे, आणि सोल्डर हे वीज वाहण्यासाठी असते, भार पेलण्यासाठी नव्हे.

अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरातील मिट्स कंपनीचा हा संगणक ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकातून हौशी मंडळींपुढे आला, तेव्हा त्याला ना पडदा होता ना कळफलक. होते ते दर्शनी पॅनेलवरचे २५ स्विच आणि दिव्यांच्या रांगा. पत्ता आणि माहिती भरण्याचे १६ स्विच वर किंवा खाली करून ठेवले की तसेच राहतात. नियंत्रणाचे स्विच मात्र स्प्रिंगने पुन्हा मधोमध येतात. प्रत्येक बाइटसाठी आठ स्विच लावायचे आणि ‘डिपॉझिट’च्याच स्विचची ‘डिपॉझिट नेक्स्ट’ बाजू दाबून ती माहिती स्मृतीत टाकायची, हा क्रम वीसेक बाइटांच्या छोट्याशा लोडरलाही (मोठा प्रोग्रॅम आत घेणाऱ्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमलाही) तितक्याच वेळा करावा लागत असल्यामुळे सगळ्यात जास्त मार याच स्विचला बसतो. आपला बोर्ड नेमका तिथेच दबतो, यात नवल नाही.

मूळ यंत्रात हे स्विच आतल्या धातूच्या पत्र्याला नटांनी आवळलेले होते आणि तिथून तारा बोर्डकडे जात होत्या. तारांचे ते जंजाळ जोडणे कंटाळवाणे होते, पण बोटाचा जोर नटावर, नटावरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून पेटीवर जात असे. बोर्डला त्याची झळ लागत नसे. आपल्यालाही हेच साधायचे आहे.

त्यासाठी स्विचच्या पायांचे सोल्डर शोषक पंपाने काढून घ्यावे आणि स्विच बोर्डच्या भोकांत सैल होऊ द्यावेत. मग पत्रा, बोर्ड आणि स्पेसर (दोन भागांत ठरावीक अंतर राखणाऱ्या नळ्या) आपापल्या जागी बसवून प्रत्येक स्विचचा नट आवळावा, दांड्या एका रेषेत आहेत ना हे पट्टी लावून पाहावे, प्रत्येक स्विचचा मधला पाय तेवढा सोल्डर करावा आणि पुन्हा एकदा रांग तपासून मगच उरलेले पाय सोल्डर करावेत. आधी सोल्डर आणि मग नट हा क्रम घेतला, तर पत्रा व बोर्ड यांच्या अंतरातला किरकोळ फरकसुद्धा पायांत कायमचा ताण म्हणून अडकून राहतो. यंत्र उभे होते त्या दिवशी तो जाणवत नाही. पुढे मात्र सोल्डरला चीर पडते किंवा बोर्डवरचा तांब्याचा ठिपका उचलला जातो.

नटांबाबतही सावध राहावे. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या छोट्या टॉगल स्विचच्या मानेवरचे आटे अनेकदा ६ मिलिमीटर व्यासाचे आणि ०.७५ मिलिमीटर अंतराचे असतात, तर अमेरिकी धाटणीच्या स्विचची मान पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि आटे इंचाला ४०. दोन्ही नट डोळ्यांना सारखेच दिसतात. एकाचा नट दुसऱ्यावर बळाने चढवला की आटे जातात, म्हणून दोन जातींचे नट एका डबीत ठेवू नयेत. शिवाय ६.५ मिलिमीटरच्या भोकात ६ मिलिमीटरची मान अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सरकते, आणि १६ दांड्यांच्या रांगेत तेवढी चूकही डोळ्यांत भरते. मानेवर खाच असेल तर दात असलेली अडकण-वॉशर जरूर वापरावी. त्यामुळे स्विच स्वतःभोवती फिरत नाही.

आपल्या पॅनेलच्या रचनेत नटांना जागाच नसेल, तर बोर्डला मागून आधार द्यावा. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीचा मधला झोल लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मधोमध एक स्पेसर घालून अंतर निम्मे केले की झोल ढोबळमानाने एक-अष्टमांश होतो. १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डला स्विचच्या रांगेलगत अ‍ॅल्युमिनियमचा अँगल आणि तीन-चार स्पेसर पुरतात. अँगल व बोर्ड यांच्यामध्ये फायबरची पट्टी मात्र विसरू नये.

प्रश्न : माझ्याकडे ऑल्टेअरच्याच धर्तीचा मूळ इम्साई ८०८० हा संगणक आहे. त्याचे दोन पॅडल स्विच (चपट्या, रुंद दांडीचे) दाबताना कधी लागतात, कधी नाही. मागून इपॉक्सी लावून ते पक्के करावेत का? – एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : इपॉक्सी लावू नये. ती ओली असताना स्विचच्या आत झिरपू शकते, आणि पुढे स्विच बदलायचा झाल्यास बोर्डचे तांबे सोबत घेऊन निघते. इम्साईत पॅनेल-बोर्ड थेट एस-१०० बसच्या (सगळे बोर्ड एकमेकांना जोडणाऱ्या सामाईक मार्गाच्या) स्लॉटमध्ये बसतो, त्यामुळे तारा वाचल्या. पण पॅडल बोर्डवरच सोल्डर केलेले असल्याने त्यांना नटाचा आधार नाही. पायांभोवतीच्या सोल्डरला गोल चीर पडली आहे का, हे भिंगाखाली पाहावे. तसे असल्यास जुने सोल्डर काढून नवे द्यावे आणि ठिपका उचलला असेल तर शेजारच्या जोडापर्यंत बारीक तार टाकावी. तरीही त्रास राहिला तर दोष स्विचच्या आत आहे असे समजून स्विच बदलावा; तो घेताना, ज्याच्या धातूच्या चौकटीचे पाय बोर्डमध्ये वेगळे सोल्डर होतात असा प्रकार बोर्डच्या भोकांत बसत असेल, तर तोच निवडावा.

मात्र हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा, कारण मुख्य पुरवठ्याची तार या यंत्रात दर्शनी भागातल्या पॉवर स्विचपर्यंत आलेली असते. मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरली आहे, हे मीटरने पाहूनच पुढे जावे.

प्रश्न : नट आवळताना रंगवलेल्या पॅनेलवर गोल ओरखडे उठतात. काय करावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मानेची उंची मागच्या नटाने ठरवावी आणि आवळतानाही पाना मागच्याच नटावर फिरवावा. पुढचा नट बॉक्स पान्याने नुसता धरून ठेवायचा असतो. त्याखाली पातळ नायलॉन वॉशर घातली म्हणजे रंगाला धक्का लागत नाही.