नदीत पाणी कमी, मग क्रूझचं काय?

प्रश्न : आम्ही दोघंही साठीच्या पुढची. सप्टेंबरात ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट नदी-क्रूझला जायचा विचार आहे. पाणी कमी झालं की जहाज सोडून बसमध्ये बसवतात, असं ऐकलं. पैसे भरण्याआधी कंपनीला काय विचारावं? (पुणे)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, पण सगळ्या मार्गाला लागू नाही. तुमचा मार्ग ऱ्हाईन, माइन, १७१ किलोमीटरचा माइन-डॅन्यूब कालवा आणि मग डॅन्यूब असा आहे. माइन आणि कालव्यात लॉक (जहाज वर-खाली नेणारे दारांचे हौद) आणि बंधारे घालून पाणी अडवलेलं असल्याने तिथे खोली टिकते. अडतं ते मोकळ्या वाहत्या पट्ट्यांत. ऱ्हाईनवर काउब गावाजवळ, आणि डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारे ७० किलोमीटरमध्ये. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तिथले उथळ पाण्याचे महिने, म्हणजे तुमचा सप्टेंबर नेमका मधोमध येतो.

काउबच्या पाणीपातळीचा आकडा जर्मन जलमार्ग खात्याच्या संकेतस्थळावर रोज दिसतो. तो वाचताना बरेच जण फसतात, कारण तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. तो आकडा ७८ सेंटिमीटरच्या आसपास असतो तेव्हा जहाजाच्या मार्गात सुमारे १.९ मीटर पाणी असतं. क्रूझचं जहाज साधारण दीड मीटर बुडालेलं असतं, म्हणजे आकडा चाळिशीत आला की तळाखाली जवळपास काही उरत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये तो २५पर्यंत उतरला होता.

उलट बाजूने पुराचीही अडचण येते. पाणी वाढलं की डॅन्यूबवरच्या पासाउ, रेगेन्सबुर्गसारख्या ठिकाणी जहाज पुलाखालून जाऊ शकत नाही आणि ठरावीक पातळीनंतर वाहतूकच थांबवतात. सप्टेंबर २०२४च्या पुरात ऑस्ट्रियातली डॅन्यूब अशीच बंद झाली होती.

मग कंपनी काय करते? मोठ्या कंपनीची एकाच आराखड्याची दोन जहाजं उथळ पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना असतील, तर प्रवाशांची अदलाबदल होते. रेगेन्सबुर्ग ते पासाउ बसने साधारण १२० किलोमीटर, आणि पलीकडे तशीच केबिन. सामान कर्मचारी हलवतात, पण औषधं, पासपोर्ट आणि चार्जर हातातल्या पिशवीतच ठेवा. दुसरं जहाज नसेल तर जहाज एका धक्क्यावर उभं राहतं आणि रोज बसने फिरवतात, किंवा हॉटेलात उतरवतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : बदली जहाज आहे का? दुसरा : किती दिवस बसने किंवा हॉटेलात गेले तर किती पैसे परत? उत्तर ईमेलवरच घ्या. करारात सहसा ‘मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाला’ असं कलम असतं आणि पुढे सगळा वाद त्याच्यावरूनच होतो. पैसे भारतातल्या कंपनीला दिले असतील तर तक्रारही तिच्याकडेच करायची. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

जोखीम कमी हवी असेल तर पासाउ ते बुडापेस्ट एवढीच क्रूझ घ्या, असं आमचं मत. ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यात आणि व्हिएन्नाच्या पुढे नदी तिथेही मोकळी आहे, पण श्ट्राउबिंगचा सगळ्यात कटकटीचा भाग टळतो.

प्रश्न : जहाज उशिरा पोचलं आणि शेंगेन व्हिसाचे दिवस संपले तर? (नाशिक)

उत्तर : शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याच्या व्हिसावर दोन गोष्टी असतात : वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस. तारखांमध्ये सहसा थोडी सवलत असते, पण मुक्कामाचे दिवस त्यामुळे वाढत नाहीत. अर्ज करतानाच शेवटी दोन रात्रींचं हॉटेल धरून दिवस मागा. पुरासारख्या अपरिहार्य कारणाने अडकलात तर व्हिसा संपायच्या आत स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात मुदतवाढ मागता येते आणि तिला शुल्क नसतं. जहाजाच्या व्यवस्थापकाकडून तारखेसह पत्र घेऊन जा. मार्गात सर्बियाची राजधानी बेलग्रेड असेल तर सुरुवातीपासून अनेक प्रवेशांचाच व्हिसा हवा, कारण सर्बिया शेंगेनमध्ये नाही आणि तिथून परत शेंगेनमध्ये येणं हा नवा प्रवेश धरतात.

प्रश्न : परतीचं विमान त्याच दिवशीचं घ्यावं का? (ठाणे)

उत्तर : नको, मधे एक रात्र ठेवा. युरोपातून निघणाऱ्या विमानाला बराच उशीर झाला तर विमान कंपनीकडे भरपाई मागता येते, मात्र जहाजामुळे विमान चुकलं तर ती जबाबदारी तिची नसते. विमा घेताना फक्त व्हिसासाठी लागणारं ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण पाहू नका. चुकलेलं विमान आणि खंडित प्रवास या कलमांत नदीच्या पातळीमुळे झालेला बदल धरला आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.