थायरॉईडची गोळी, सकाळचा चहा आणि पोट

प्रश्न : वय ४१, वजन ५८ किलो. थायरॉईड कमी आहे. दोन वर्षांत गोळी ७५ वरून १०० आणि आता १२५ मायक्रोग्रॅमवर गेली, तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ८.९ आहे. सकाळी सहाला ही गोळी आणि पित्तासाठीची पॅन्टोप्राझोल एकदमच घेते, दहा मिनिटांनी चहा-बिस्किटं. साडेआठला नाश्ता, त्यावर कॅल्शियम. पोट साफ होत नाही म्हणून रात्री इसबगोल. केस गळतात म्हणून बायोटिनही चालू आहे. आतडी बिघडली की हार्मोन बिघडतात, असं सांगून एका ओळखीच्या बाईंनी २१ दिवसांचा पोटशुद्धीचा कोर्स सुचवला आहे. करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कोर्सचे पैसे तूर्त जवळच ठेवा. थायरॉईड ग्रंथी पूर्ण बंद पडलेल्या माणसालाही दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम औषध पुरतं. तुमच्या वजनाला ते ९५च्या आसपास येतं. तुम्ही १२५ घेता आणि तरीही टीएसएच वर आहे. याचा अर्थ गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोहोचत नाही. आतड्याचा आणि तुमच्या हार्मोनचा खरा संबंध इथे आहे.

रिकाम्या पोटी घेतली तरी ही गोळी पूर्ण शोषली जात नाही, ७० ते ८० टक्केच जाते. हे काम लहान आतड्यात होतं, पण त्याआधी जठरातल्या आम्लात ती नीट विरघळावी लागते. तुमच्या दिनक्रमात तीन अडथळे दिसतात. पहिला चहा-बिस्किटांचा. गोळी फक्त पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर तासभर काही नको, अगदी जमलंच नाही तर अर्धा तास. दुसरा कॅल्शियमचा. ते आतड्यातच औषधाला धरून ठेवतं, लोहाची गोळीही तेच करते. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, म्हणून कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणावर न्या. रात्रीच्या इसबगोलाला हरकत नाही, सकाळपर्यंत पुरेसा वेळ जातो.

तिसरा अडथळा पॅन्टोप्राझोलचा, आणि तो घड्याळाने सुटत नाही. ती गोळी दिवसभर आम्ल कमी ठेवते, त्यामुळे वेळ बदलून फारसा फरक पडत नाही. प्रश्न विचारायचा तो हा : ती अजून लागते का? पुष्कळांना कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि वर्षानुवर्षं चालूच राहते. मात्र मनाने एकदम थांबवू नका, पित्त उसळी मारतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. खरंच लागणार असेल, तर थायरॉईडचा डोस तिच्या हिशेबाने ठरवावा लागेल.

वेळा सुधारल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. गोळीतल्या हार्मोनचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे सात दिवसांचं आहे, पंधरा दिवसांत केलेली तपासणी फसवते. बायोटिन तपासणीच्या दोन दिवस आधी बंद ठेवा. काही पद्धतींत त्यामुळे टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतं. आणि एक सावधगिरी : शोषण सुधारलं की हेच १२५ जास्त होऊ शकतात. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम अशी लक्षणं दिसली तर तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नका.

एवढं करूनही आकडा हलला नाही, तर मग आतड्याची चौकशी रीतसर करायची. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी असते. तिच्याआधी पोळी सोडू नका, नाहीतर आजार असूनही ती निर्दोष येईल. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ही शंका आधी घ्यावी. दुसरी तपासणी जठरातल्या एच. पायलोरी जंतूची, शौचाच्या नमुन्यावर किंवा श्वासावर होणारी. तिच्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद असावी लागते.

पोट साफ न होण्याचं म्हणाल, तर इथे गाडं बहुधा उलटं आहे. थायरॉईड कमी पडलं की आतड्याची चाल मंदावते. टीएसएच जागेवर आलं की तक्रार बरीच कमी व्हायला हवी.

प्रश्न : वय ३४. पाळीत रक्तस्राव फार होतो. आतड्यातले जीवाणू वापरलेलं इस्ट्रोजेन परत रक्तात सोडतात, म्हणून 'इस्ट्रोजेन डिटॉक्स' पावडर घ्यावी, असं वाचलं. खरं आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा. यकृत इस्ट्रोजेनला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन पित्तातून आतड्यात सोडतं. काही जीवाणूंचं एक विकर (एन्झाइम) ही जोड तोडतं आणि सुटं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा शोषलं जातं. तंतुमय आहाराने त्यातलं जास्त शौचावाटे जातं. अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या, शाकाहारी आणि मांसाहारी अशा दहा-दहा स्त्रियांच्या अभ्यासात हे दिसलं होतं. अभ्यास छोटा आहे, हे विसरू नका.

पण या फेऱ्याचं वजन किती? गर्भनिरोधक गोळीकडे पाहा. अँटिबायोटिकने जीवाणू मेले की गोळीतलं इस्ट्रोजेन परत फिरत नाही आणि गोळी निकामी होते, अशी भीती बरीच वर्षं होती. नेहमीच्या अँटिबायोटिकांबाबत ती खरी ठरली नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन मात्र गोळी निकामी करतं, पण तेही गोळीतले हार्मोन मोडण्याचा यकृताचा वेग वाढवून. तेव्हा पावडर नको. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जाऊ द्या : १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांत सुमारे १०, मध्यम पेरूत ८, तीस ग्रॅम अख्ख्या मुगाच्या उसळीत ५ ग्रॅम. तीस ग्रॅम कच्च्या तांदळात मात्र तंतू जेमतेम ग्रॅमभर. वाढवायचं ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, पाण्यासह. एकदम वाढवलं की पोट फुगतं आणि लोक पुन्हा भातावर येतात.

रक्तस्राव मात्र पोटावर ढकलू नका. दर दोन तासांच्या आत पॅड बदलावा लागत असेल किंवा रक्ताच्या गाठी पडत असतील, तर हिमोग्लोबिन, टीएसएच आणि सोनोग्राफी करून घ्या. रक्तस्रावामागे गर्भाशयातल्या गाठी (फायब्रॉइड) असतील, तर त्या पावडरीने विरघळत नाहीत.

प्रश्न : पाळीआधी शौचाला होत नाही आणि पहिल्या दिवशी जुलाब. हे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पाळीपूर्वी वाढलेलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन आतडं सुस्त करतं. पाळी येताना ते घसरतं आणि गर्भाशयाला आवळण्यासाठी तिथे तयार झालेली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शेजारच्या आतड्यालाही आवळतात. कळांवर मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन कळ सुरू होताच, काही खाऊन घेतलं तर बहुधा जुलाबही कमी होतात, कारण ती औषधं प्रोस्टाग्लँडिनच रोखतात. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. शौचाच्या वेळी भोसकल्यासारखं दुखत असेल किंवा रक्त पडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना एंडोमेट्रिओसिसबद्दल (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराबद्दल) विचारा.

प्रश्न : पीसीओएससाठी (अंडाशय आणि हार्मोनच्या विकारासाठी) मेटफॉर्मिनची गोळी सुरू केल्यापासून जुलाब होतात. दही खाऊन थांबेल?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दही जरूर खा, पण भिस्त त्यावर नको. गोळी जेवणाच्या मध्यात घ्या. ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, आठवडाभर सोसली तरच पुढची. तरीही त्रास राहिला तर हळू विरघळणारी, म्हणजे नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' असलेली गोळी मागा. ती तोडायची किंवा चावायची नसते. वर्षानुवर्षं चालणार असेल तर अधूनमधून बी-१२ तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर.